कानातल्या बाई

निकमबाईंचा आवाज सरकारजमा झाला, त्याला आता चौथं वर्ष लागलं होतं. तसा त्यांनी तो राजीखुशीनंच दिला होता आणि बदल्यात शाल-श्रीफळही मिळालं होतं. पण हौसेनं शेजारी वापरायला दिलेलं पातेलं तिकडेच रुळावं आणि परत येण्याचं नावच काढू नये, तसं काहीसं झालं होतं खरं.

धनगरमाळाची शाळा घाटमाथ्यावर, पवनचक्क्यांच्या मधोमध. पठारावरचा वारा वर्षाचे बारा महिने सुटलेला. छपराचे पत्रे थडथडत, खिडक्यांच्या फटींतून शिट्ट्या वाजत आणि मागच्या बाकावरच्या पोरांना फळ्यापाशी चाललेलं बोलणं अर्धंमुर्धंच ऐकू येई. या वाऱ्याच्या वर आवाज चढवून हेमलता निकम यांनी पठारावरच्या दोन पिढ्यांना पाढे शिकवले. मेंढरांमागे लांब गेलेल्या पोराला त्या शाळेच्या दारातून हाक मारत आणि पोरगं मुकाट्यानं माघारी येई. पठारावर त्या आवाजाचा दराराही होता आणि लळाही होता.

मग शाळेत सोबती आला.

सोबती म्हणजे कानामागे चिकटवायचा चिंचोक्याएवढा मणी. त्यातला आवाज कानाच्या पडद्यावाटे जात नसे, कवटीच्या हाडातून थेट आत पोचे. त्यामुळे वाऱ्याची काही मात्राच चालत नसे. पण ही झाली वरवरची करामत. मण्याची जी बाजू कातडीला टेकलेली असे, तिच्यात बारीक संवेदक होते. नाडीचे ठोके, श्वासाची लय, डोळे फिरवणाऱ्या स्नायूंमधली विजेची सूक्ष्म हालचाल हे सगळं ते टिपत. माणूस एखाद्या गणिताशी अडतो, तेव्हा आपण अडलोय हे त्याला स्वतःला उमगण्याआधीच त्याची नजर एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरते आणि श्वास किंचित रेंगाळतो. ही अडखळ सोबती अचूक पकडे आणि मूल गोंधळायच्या आत पुढची पायरी लहान करून देई. जिथे गाडी वेगात असेल तिथे तो मध्ये तोंड घालत नसे. कुणाला अपूर्णांक मेंढीच्या दुधातून कळत, कुणाला पवनचक्कीच्या पात्यांतून. ज्याला जसं हवं तसं, जेव्हा हवं तेव्हा. एकाच खोलीत जितकी पोरं तितक्या शाळा भरू लागल्या.

आवाज कुणाचा असावा, यावर बरेच प्रयोग झाले होते. ज्या माणसावर मुलाचा विश्वास असतो, त्याच्या आवाजात ऐकलेलं मुलाच्या मेंदूत अधिक काळ टिकतं, असं आढळलं. म्हणून मग ठरलं, की प्रत्येक शाळेत त्या शाळेतल्या शिक्षकाचाच आवाज वापरायचा. बाईंना शहरातल्या ध्वनिमुद्रण कक्षात बोलावलं. तिथे त्यांनी गोष्टी वाचल्या, पाढे म्हटले, रागावून दाखवलं, हसून दाखवलं. चष्मा लावलेला एक तरुण तंत्रज्ञ समोर बसून नाना तऱ्हेचे प्रश्न विचारत होता.

"मॅडम, मूल अभ्यासाबाहेरचं काही मागायला लागलं, तर तुम्ही काय म्हणता?"

"म्हणते, बघू या हं."

"जरा लाडानं म्हणा ना."

बाईंनी लाडानं म्हटलं. तंत्रज्ञ खूश झाला. त्याच्या दृष्टीनं हे उत्तर नामी होतं. मुलाचं मन मोडत नाही, यंत्र कशात गुंतत नाही आणि गाडी पुन्हा अभ्यासाच्या रुळावर येते. आता त्या बिचाऱ्याला पठारावरची रीत कुठून माहीत असणार? बाई कुणालाही घाईनं होकार देत नसत. पण त्यांनी 'बघू या हं' म्हटलं आणि ते झालं नाही, असं पठारावर कधी घडलं नव्हतं. पोरांना समुद्र बघायचा होता, तेव्हा बाई 'बघू या हं' म्हणाल्या आणि आयांनी त्याच दिवशी शिदोरीचं दळण काढलं होतं. हे सांगायचं बाईंच्याही डोक्यात आलं नाही. स्वतःच्या सवयी कुणाला दिसतात?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मूल सोबत्याशी काय बोलतं, ते कुणालाही ऐकता येत नसे; आईबापांना नाही आणि बाईंनाही नाही. तसा कायदाच होता. मारहाण, दुखणंखुपणं असलं काही असेल तरच मणी मोठ्या माणसांना कळवी. एरवी मुलाचं गुपित मुलापाशी. कायदा चांगला होता आणि बाईंनी स्वतः शिक्षकांच्या सभेत त्याच्या बाजूनं हात वर केला होता.

आता वर्गात शांतता असे. पोरं पुटपुटत, मध्येच हसत, मान डोलावत. बाईंना सरकारी भाषेत सुलभक म्हणत. मणी चार्ज करायचे, सुटलेला मणी पुन्हा चिकटवायचा, प्यायचं पाणी भरलंय का बघायचं. पोरं पूर्वीपेक्षा चांगली शिकत होती, यात तिळमात्र शंका नव्हती. अपूर्णांकांशी वर्षानुवर्षं अडून बसणारं पठार आता बीजगणितापर्यंत पोचलं होतं. बाई हे सगळ्यांना अभिमानानं सांगत आणि मग खुर्चीत येऊन बसत. समोर डोकी खाली घातलेली पोरं. कधीतरी एखादा हात वर होईल, 'बाई, हे समजलं न्हाई' असं कुणी म्हणेल, म्हणून त्या बघत राहत. पण अडण्याआधीच अडचण दूर होत असेल, तर हात वर कशाला होईल?

बाईंचं लग्न राहूनच गेलं होतं. आधी धाकट्या भावंडांचं करता करता आणि मग पठाराच्या ओढीनं. शाळेच्या मागच्या खोलीत त्या एकट्या राहत. पूर्वी दिवसभर बोलून घसा बसायचा, तेव्हा संध्याकाळची ती खोली बरी वाटायची. आता दिवसभर न बोलता त्या खोलीत जायचं म्हणजे नको वाटे.

एका सोमवारी सकाळी, परिपाठाच्या आधी, दारात सगुणा झोरे उभी राहिली. पाचवीतली, पठारावरची सगळ्यात हुशार पोर. पाठीला दप्तर, हातात घोंगडीत बांधलेलं गाठोडं.

"बाई, मी आले."

"ये की. पण हे गाठोडं कशाला गं?"

"ऱ्हायाला आले न्हवं का." सगुणा हसली. "आबा, आये, बारकं, समदी गेली टेंपोतनं. आबा म्हनला, बाईंनी शबूद दिलाय, तवा काळजी न्हाई."

सगुणाचे वडील बिरू झोरे पवनचक्क्यांवर राखणदार होते. पठारावरच्या जुन्या चक्क्या उतरवून कंपनीनं बिरूला जतकडच्या माळावरच्या नव्या चक्क्यांवर पाठवलं होतं, हे बाईंना ठाऊक होतं. सगुणाही जाणार, हेही त्यांनी गृहीत धरलं होतं.

"शब्द? कुणी दिला शब्द?"

"तुमीच की! मी इचारलं, बाई, मी हितंच तुमच्याकडं ऱ्हाऊन शिकू का? तुमी म्हनला, बघू या हं सगू."

बाईंची नजर तिच्या कानामागच्या मण्याकडे गेली. काय झालं ते त्यांना तत्क्षणी कळलं. खरं ते तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण पोर अशी विश्वासानं बघत होती, की त्यांना ते सांगवेना. आणि दुसरंही एक होतं, लपवण्यात अर्थ नाही: बाईंना आनंद झाला होता. त्यांच्या दारात कुणीतरी गाठोडं घेऊन राहायला आलं होतं.

"आत ये," त्या म्हणाल्या. "हातपाय धू आधी."

दुपारी बिरूचा फोन आला. तोही बाईंचाच विद्यार्थी. पाढे चुकले की कान पुढे करून उभा राहणारा.

"बाई, पोरगी तुमच्या शब्दावर ठिवलीया. तिची आये लई रडत हुती. म्या म्हनलं, बाई हायती म्हनल्यावर काय घोर?"

शब्द माझा नव्हता रे, असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. "काळजी करू नकोस," एवढंच बाहेर पडलं.

त्या संध्याकाळी बाईंनी कितीतरी दिवसांनी दोन ताटं मांडली. थालीपिठं थापली, वर लोण्याचा गोळा ठेवला. सगुणाच्या बालपणापासूनचं त्यांना सगळं विचारायचं होतं आणि स्वतःचंही खूप काही सांगायचं होतं.

"कसं झालंय?"

"ब्येस."

"आईची आठवण येते का गं?"

सगुणानं जरा नवलानं त्यांच्याकडे पाहिलं. "सांगितलं की मगाशी," असं म्हणून ती पुन्हा थालीपिठाकडे वळली. मग ताट घासताना ती स्वतःशीच पुटपुटली आणि खुदकन हसली. बाईंनी वळून पाहिलं. पोरगी कानातल्या बाईंशी बोलत होती.

हे असंच चालू राहिलं. सगुणा गुणी होती. पाणी भरी, झाडून काढी, सांगितलेलं सगळं ऐके. पण बोलणं म्हणून काही होत नसे. बाईंनी एखादी गोष्ट सांगायला घ्यावी, तर ती तिनं आधीच ऐकलेली असे आणि तीही बाईंच्याच आवाजात, हवी तिथे थांबून, हवी तितकी लांबवून. बाई विचारत, शाळेत आज काय झालं? सगुणाला वाटे, सगळं ठाऊक असून बाई गंमत करतायत. माणसाला शेजारणीचा हेवा वाटतो, बहिणीचाही वाटतो. बाईंना स्वतःच्या आवाजाचा हेवा वाटायला लागला होता आणि हे कुणाला सांगावं तर हसंच झालं असतं.

एक गोष्ट मात्र बाईंच्या लक्षात यायची, पण उलगडायची नाही. रोज सकाळी सगुणा अंथरूण काढी, आपले कपडे घडी करी आणि सगळं पुन्हा घोंगडीत बांधून गाठोडं दाराशी आणून ठेवी. मग शाळेची घंटा होईपर्यंत पायरीवर बसून राही. संध्याकाळी गाठोडं पुन्हा सुटे. बाईंनी तिच्यासाठी फडताळातला एक कप्पा रिकामा करून दिला होता. तो रिकामाच राहिला.

"अगं, कपडे ठेव ना त्यात."

"ऱ्हाऊ द्या बाई. परत बांदाया लागतंय."

धनगरांची पोर, गाठोडं बांधायची सवयच असेल, अशी बाईंनी आपली समजूत करून घेतली. माणसाला जे ऐकायचं नसतं, त्याच्यासाठी कारणं बरी सापडतात.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर बाई खोलीत आल्या, तर सगुणा गाठोड्यावर बसली होती. नाक लाल झालेलं.

"बाई, कवा निघायचं?"

"कुठे?"

"आयेकडं. रोज बांदून बसतीया मी. तुमी म्हनला की."

बाई तिच्यासमोर खाली बसल्या. "काय म्हणाले मी?"

"मी म्हनलं, बाई, मला हितं करमत न्हाई, मला आयेकडं सोडा. तुमी म्हनला, बघू या हं." तिचा आवाज फुटला. "मंग म्हनला, आदी ह्यो पाढा पुरा कर. म्या पुरा केला. समदं पुरं केलं."

वाऱ्यानं दार एकदा आपटलं आणि पुन्हा उघडलं. आता गप्प बसणं शक्य नव्हतं. गप्प बसलं असतं, तर पोर आणखी काही दिवस राहिली असती, इतकाही विचार बाईंच्या मनात येऊन गेला. त्या विचाराची त्यांना लाज वाटली.

"सगू, ऐक. तुझ्या कानात जी बोलते ना, ती मी नव्हे."

सगुणानं डोळे पुसले. "आवाज तुमचाच हाय."

"आवाज माझा आहे. पण मी त्यात नाही. तू तिला जे सांगतेस, ते माझ्यापर्यंत येत नाही. इथे राहायचं विचारलंस तेही मला माहीत नव्हतं. आईकडे जायचं म्हणालीस तेही नाही. मी पहिल्याच दिवशी हे सांगायला हवं होतं आणि मी सांगितलं नाही."

"का न्हाई सांगितलं?"

"तू आलीस म्हणून बरं वाटलं मला."

तिनं कानामागे बोट नेलं, मणी चाचपला.

"मी हथरुणात रडले, तर त्या बाईंला कळलं. म्हनल्या, सगू, रडू नगं. तुमी बाजूलाच निजला हुता."

"हो."

"तुमाला न्हाई कळलं?"

"नाही गं कळलं."

यंत्राला श्वासावरून कळतं, नाडीवरून कळतं, असं काही बाई सांगू शकल्या असत्या. त्यांनी सांगितलं नाही. ते खरं असलं, तरी हातभर अंतरावर निजलेल्या माणसाला ते कळायला हवं होतं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"पण तिला तुला एस.टी.त बसवता येत नाही," त्या उठत म्हणाल्या. "मला येतं. उद्या पहाटे निघू."

सगुणानं त्यांच्याकडे बारकाईनं पाहिलं. "खरं?"

"खरं."

आणि बाईंनी बिरूला तिच्यासमोर फोन लावला. झाला प्रकार सांगितला, स्वतःची चूक पदरात घेतली. बिरूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "या बाई. जेवायलाच या." मागून आईचं रडणं ऐकू आलं.

जतचा रस्ता लांबचा. घाट उतरला तसा वारा पडला आणि गाडीतली माणसं एकमेकांशी बोलताना ऐकू येऊ लागली. खिडकीबाहेर ऊस मागे पडला, मग बाभळी लागल्या. सगुणा खिडकीशी बसली होती. तिनं मणी काढून मुठीत धरला होता. काढ म्हणून बाईंनी सांगितलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं सगुणानं, तिथे त्या सीटवर बसल्या बसल्या, हात वर केला.

बाईंना क्षणभर कळेचना की हे काय. मग कळलं आणि त्या तिच्याकडे वळून बसल्या.

"बोल सगू."

"बाई, तुमी एकट्याच ऱ्हाता?"

"हो."

"मंग तुमाला रडू आलं, तर तुमी कुनाला सांगता?"

'बघू या हं' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तो शब्द त्या नेहमी पाळत आल्या असल्या, तरी नको असलेला प्रश्न तेवढ्यापुरता बाजूला सारायची ती सवय किती जुनी आहे, हे बाईंना तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"कुणालाच नाही गं," त्या म्हणाल्या.

सगुणानं विचार केला. मग तिनं बाईंचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि जत येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

माळावर नव्या चक्क्यांच्या बुडाशी झोऱ्यांचं खोपट होतं. आई धावत आली. पुढचं सांगायला नको. बाईंना पोटभर जेवायला घातलं, पाया पडले. सगुणा इथल्या शाळेत जाणार होती. सोबती मुलाबरोबरच राहतो, तेव्हा आवाजही तोच राहणार होता. निरोप घेताना बाईंनी पाहिलं, तर मणी पुन्हा कानामागे होता. आईच्या कमरेला बिलगून पोर हात हलवत होती आणि ओठ पुटपुटत होते. कदाचित ती बाईंनाच येते म्हणत असेल. कोणत्या बाईंना, ते गाडीतून ऐकू आलं नाही.

बाई पठारावर परतल्या त्या दुसऱ्या दिवशी, शाळा भरल्यावर. खिचडी शिजवणाऱ्या शेवंतामावशींनी कुलूप उघडलं होतं आणि पोरं आपापल्या मण्यांशी शिकत बसली होती. बाई नसल्यानं कुणाचंही काही अडलं नव्हतं. त्या आत आल्या तेव्हा एकदोघांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. खोलीतल्या प्रत्येक डोक्यात बाईंचा आवाज चालू होता. ऐकू येत नव्हता तो फक्त बाईंना.

त्या फळ्यापाशी गेल्या. डस्टर उचलून टेबलावर दोनदा आपटलं.

"मणी काढा. सगळ्यांनी. समोर ठेवा."

आवाज सुरुवातीला फाटला. वापरात नव्हता ना. पोरांनी गोंधळून एकमेकांकडे पाहिलं, पण मणी काढले. एकदम पत्र्यांचा थडथडाट आणि खिडकीतली शिट्टी सगळ्यांना ऐकू आली. काही लहानग्यांनी दचकून छपराकडे पाहिलं. बाईंनी आवाज चढवला. वाऱ्याच्या वर गेला तेव्हा कुठे त्यांना तो स्वतःचा वाटला.

"कानातल्या बाई म्हणजे मी नव्हे," त्या म्हणाल्या. "त्या शिकवतात चांगलं, माझ्याहून चांगलं. शिका त्यांच्याकडे. पण तुम्ही त्यांना जे सांगता, ते मला कळत नाही. त्यांनी दिलेला शब्द मी दिलेला नाही. मला तो ठाऊकसुद्धा नाही."

पोरं टकामका बघत राहिली. बहुधा अर्ध्या जणांना पटलंच नव्हतं.

"आता मला सांगा. तुमच्यापैकी कुणाकुणाला मी 'बघू या हं' म्हटलंय? हात वर करा."

कुणी हललं नाही. मग खिडकीपाशी येडग्यांच्या मल्हारीनं बिचकत हात वर केला. त्याच्या मागे एक. मग दारापाशी दोघी. एकाचं बघून दुसऱ्यानं, तसे हात वर होत गेले, आणि शेवटी सगळ्यात पुढे बसणाऱ्या, अजून बोबडं बोलणाऱ्या पहिलीतल्या पोरीनं दोन्ही हात वर केले. खाली एकही हात राहिला नाही.

इतकी वर्षं बाई या हातांची वाट बघत होत्या. आता ते सगळे एकदम वर झाले होते. त्या खिडकीशी गेल्या आणि मल्हारीच्या बाकावर त्याच्या शेजारी टेकल्या.

"सांग."

"तुमाला सांगितलंय की बाई," मल्हारी हळूच म्हणाला.

"मला नाही सांगितलंस," निकमबाई म्हणाल्या. "आता सांग."